शंकूतून आरपार गेलेली नळी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कुळगावहून उल्हासनगरला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जायचे. वर्गात मुली आम्ही दोघीच. ड्रॉइंगच्या सरांनी फळ्यावर एक शंकू काढला, त्यातून एक आडवी नळी आरपार घातली आणि म्हणाले, "दोन्ही जिथे मिळतात ती रेषा काढून आणा." मला ती रेषा दिसेचना.

घरी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा शंकू केला, पुठ्ठ्याची नळी वळली आणि कात्रीने भोक मोठं करत ती आत घुसवली. बरेच कागद वाया गेले. शेवटी नळी घट्ट बसली तेव्हा सांध्याभोवती पेन्सिल फिरवली आणि नळी ओढून काढली. शंकूवर अंड्यासारखी, जरा वाकडी रेषा उमटली होती. मग वर्तुळाचे बारा भाग कशासाठी करायचे, एकेक बिंदू एका चित्रातून दुसऱ्यात कसा न्यायचा, सगळं भराभर समजत गेलं. त्याच आनंदात मी शीट पूर्ण केली.

वर्गातल्या एका मुलाने ती मागून नेली. "फक्त बघतो गं." आणि काचेखाली बल्ब लावून जशीच्या तशी उतरवली. याला आमच्याकडे जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारणं म्हणायचे. सर्रास चालायचं.

तपासणीला त्याच्या शीटवर सरांनी सही केली, वर 'व्हेरी गुड' लिहिलं. मग माझी उचलली.

"कोणी काढून दिली? भावाने?"

"मला भाऊ नाही, सर. मीच काढलीय."

"मुलींच्या डोळ्यांसमोर हे येतच नाही. खोटं बोलू नकोस." आणि लाल पेनने शीटभर फुली.

मुलं हसली. माझी शीट छापणारा खाली मान घालून ड्रॉइंग बोर्डवरच्या ड्राफ्टरचा स्क्रू पिळत बसला. माझे कान तापले. मी सरळ उठून खडू घेतला. "फळ्यावर काढते, सर. नळी कुठेही घाला."

त्यांनी मुद्दाम ती मध्यापासून बाजूला सरकवली. मी काढली. समोरची रेषा एका वळणाची, मागची वेगळ्या, लपलेली म्हणून तुटक. सरांनी पाहिलं, डस्टर फिरवला. "पाठ करून आलीय. शीट रिपीट."

अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर असलेले बाबा म्हणाले, "काढ ना परत. आपल्याला सहीशी मतलब." मी ताटावरून उठले. परत काढायची म्हणजे पहिली माझी नव्हती असं मान्य करायचं!

मी तीच शीट घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी समोर बसवून नवा प्रश्न दिला. तो सुटलेला पाहून फुलीशेजारी स्वतः सही केली. "झालं समाधान?"

"नाही, सर. ते वर्गासमोर बोलले. वर्गासमोरच मागे घ्यायला हवं."

"मार्क मिळाले ना? जा आता."

ड्रॉइंगच्या सरांनी शब्द मागे घेतले नाहीत. कधीच नाही. त्या मुलाने पुढच्या सत्रात पुन्हा माझ्याकडे शीट मागितली.

"देणार नाही," मी म्हणाले.

"का गं? चिडलीस?" त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.