फॉरमॅट दोनदा दाबल्यावर

ऑफिसात काही गंमत झाली की सगळे म्हणतात, "हे लिहून ठेवायला हवं." ठेवत कोणीच नाही. डबा खाताना मात्र एकातून एक निघत जातं.

द्वारका चौकाजवळ आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचा प्रोग्राम आम्ही बनवतो. त्याला शेल म्हणतात. त्यात फॉरमॅटचं बटण दाबलं की वेडावाकडा कोड नीट ओळीत बसतो. नाही बसला, तर तो बग! बग नोंदवायचं काम माझं. मी बारावी पास. प्रसाद सर म्हणाले होते, "सुनंदाताई, तीन महिन्यांत एक तरी खरा बग शोधा, नोकरी कायम."

*

पहिला बग मी असा लिहिला: 'महोदय, वरील विषयास अनुसरून कळविते की, चौथी ओळ सरकली आहे.' खाली 'आपली विश्वासू'.

कोड लिहिणाऱ्या नीलेशचं उत्तर आलं, "अर्ज नामंजूर."

*

नीलेशचं ठरलेलं वाक्य, "माझ्याकडे नीट चालतंय."

एकदा त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. "ताई, इलेक्ट्रिशियनला फोन करा ना!"

मी वर पाहिलं. "माझ्याकडे नीट चालतोय."

*

सटाण्याहून एका ग्राहकाचा फोन. "ताई, फॉरमॅट दाबलं, आता कंस कोठे शे?"

नीलेशला विचारून सांगितलं, "दादा, तो खालच्या ओळीत गेलाय. तसाच नियम आहे."

"मग मला विचारून जायचं ना!"

हाही बग नामंजूर.

*

तीन महिने संपायला दोन दिवस उरले. घराचं कुलूप मी लावल्यावर पुन्हा ओढून बघते. तसंच त्या दिवशी फॉरमॅट पुन्हा दाबलं. नीट बसलेला कोड उजवीकडे सरकला! तिसऱ्यांदा दाबलं, आणखी सरकला.

मी बग नोंदवला. नीलेशने बंद केला. शेरा: 'बटण एकदाच दाबावे.'

मी सरांकडे गेले. सरांनी त्याला बोलावलं. त्याने सरांसमोर बटण दाबलं. कोड छान बसला.

"बघा सर! दोनदा कोण दाबतं?"

सरांनी हात पुढे करून बटण दाबलं. कोड सरकला.

नीलेश कळवळला, "सर, तुम्ही कशाला दाबलंत?"

"झालंय का बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मेल आला: 'आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे.'

दोन मिनिटांनी तोच मेल पुन्हा आला.