मुचकुंदीच्या घाटीत सुटलेली गाठ

सायकलवरून मी कुठे कुठे आपटलो, हे तुम्ही माझ्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. पूर्णगडच्या वाळवणात घुसून सुक्या बांगड्यांसकट लोळलो ते. तरीत चढताना सायकल होडीत आणि मी खाडीत, असा निकाल लागला तो. सासुरवाडीला पहिल्यांदा निघालो आणि धोतराचा सोगा साखळीत जाऊन भर बाजारात जवळजवळ दिगंबर झालो, तेही. तुम्ही हसलात, मला बरं वाटलं. पण एक उतार मी या सगळ्या गप्पांतून वगळत आलो आहे. बायकोला सांगितला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही मनातल्या मनात दुसरंच काहीतरी पुटपुटलो. आज सांगतो — आणि सांगतो म्हटल्यावरही बघा, आधी धोतराचा सोगाच आठवला. पळवाटा मला अशा पाठ आहेत.

आमच्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. वर सडा, सपाट आणि तापलेला, दोन्ही बाजूंना काळा कातळ. मग एकदम जमीन संपते आणि तांबडा रस्ता वळणं घेत नदीच्या खोऱ्यात कोसळतो. खाली कलमांच्या बागा, माड, मधून पाण्याची चकाकी. पुन्हा चढ, पुन्हा सडा, पुन्हा खोरं. त्या काळात, म्हणजे लढाईच्या बऱ्याच आधी, सायकलींना ब्रेक असत ते नावापुरते. दोन घाट्या उतरलात की रबर झिजून लोखंड किंचाळायला लागे. म्हणून आम्हा सायकलवाल्यांची एक रीत होती. घाटीच्या तोंडाशी उतरायचं, किंजळीचा चांगला पानाळ टहाळा तोडायचा आणि काथ्याच्या दोरीनं कॅरिअरला बांधून टाकायचा. टहाळा मागून फरफटत येई, धुरळा उडे आणि सायकल लोढणं बांधलेल्या गुरासारखी मुकाट उतरे. शिवाय अगदीच गरज पडली तर पायातली वहाण पुढच्या चाकावर दाबायची. तो शेवटचा उपाय. हे वहाणेचं ध्यानात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

दत्तू माझा शाळेपासूनचा मित्र, पूर्णगडच्या तांडेलाचा धाकटा मुलगा. मुंबईला गिरणीत होता आणि त्या वैशाखात बोटीतून सायकल घेऊन घरी आला होता. त्याचा थोरला भाऊ पांडूदादा बापाच्या होडीवर काम करी. बापामागून होडीचा म्होरक्या, तांडेल, तोच होणार, हे सगळ्या बंदराला माहीत होतं. पांडूदादाला सायकल येत नसे, पण भावाच्या मागे कॅरिअरवर बसून मिरवायची हौस दांडगी. असे आम्ही तिघं राजापूरला गेलो होतो. काम काही नव्हतं. बाजारात हिंडलो, मिसळ खाल्ली, दत्तूनं नव्या वहाणा घेतल्या आणि दुपार कलल्यावर परत निघालो.

मुचकुंदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या घाटीपाशी आम्ही थांबलो. पांडूदादानं टहाळे तोडले आणि दोन्ही सायकलींना स्वतः बांधले.

"दादा, सायकल बांधतोस का गलबत?" दत्तू म्हणाला.

"तुझ्यासारखं वांड जनावर हाय, त्याला गलबताचीच गाठ लागते." दादानं पाय रोवून दोरीला हिसडा दिला. "सुटायची नाय. तांडेलाच्या घरची हाय." मग माझ्याकडे वळून, "बाबल्या, तुझीपण घट्ट मारलीय. पण तुझं काय, तू गाठ न सुटतादेखील पडशील."

आम्ही हसलो. मीही हसलो. उतारावर दोघांचं ओझं नको म्हणून दादा पायवाटेनं खाली निघून गेला, वळणापाशी थांबतो म्हणाला. दत्तू करवंदांच्या जाळीत शिरला. मी सायकलींपाशी एकटा उरलो.

काय होतं माझ्या मनात? राग नव्हता. हेवाही नव्हता — निदान मी तसं स्वतःला सांगत आलो आहे. 'तांडेलाच्या घरची' हे शब्द तेवढे कानात खुपत होते. वाटलं, वळणावर टहाळा मागे पडला, दत्तू बोंबलत थांबला, की आयुष्यभर दादाला चिडवता येईल. तांडेल, तुमची गाठ! एवढंच. गोष्ट चांगली रंगली असती. मला तेव्हाही गोष्टींचाच लोभ होता.

दत्तूच्या सायकलची गाठ खरोखर पक्की होती. नखं दुखेपर्यंत सोडवावी लागली. मग मी दोरीचे दोन नुसते वेढे दिले आणि टोक आत खुपसून ठेवलं. थोडं अंतर धरील, मग सरकेल, असं.

दत्तू करवंदं चघळत आला, मूठभर माझ्या हातावर ठेवली आणि सायकलवर बसला.

इथं मी आजवर स्वतःशीसुद्धा थांबत आलो. कारण इथवरची गोष्ट पोरकट थट्टेची आहे. थट्टेला माणसं क्षमा करतात. पण — त्याच्या नव्या वहाणा त्याला चावत होत्या. त्या त्यानं काढून हँडलला टांगल्या होत्या. तो अनवाणी होता. आणि मी ते पाहिलं होतं. पुढचं चाक दाबायला त्याच्या पायात काही नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. तोंडात करवंद होतं. 'थांब' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी करवंदाची बी थुंकलो आणि म्हणालो, "हो पुढं."

टहाळा सुटला तो मी ठरवलं होतं त्याच्या बऱ्याच खाली, उतार सर्वात उभा आहे तिथे. दत्तू बोंबलला नाही. त्याला पहिल्यांदा बहुधा कळलंही नाही. सायकल हलकी धावते म्हणून गंमत वाटली असेल. मग मी त्याचा उघडा पाय चाकावर जाताना पाहिला, झटका खाऊन मागे येताना पाहिला, आणि पुन्हा जाताना पाहिला. वळणावर आंब्याच्या पेट्यांनी भरलेली बैलगाडी वर येत होती. तिला चुकवायला तो बाहेरच्या अंगाला गेला. त्या बाजूला खाली पावसाळी ओढ्याचा कोरडा पऱ्या होता, नुसता दगडांचा.

माझा टहाळा मात्र दादाच्या गाठीनं शेवटपर्यंत टिकला. जन्मभर पडत आलेला मी त्या दिवशी पडलो नाही.

गाडीवाल्यानं पेट्या रस्त्यावर उतरवल्या आणि दत्तूला गाडीत घातलं. खाली नदीच्या तरीपर्यंत पोचायच्या आत तो गेला. काही बोलला नाही. बोलला असता तर काय बोलला असता? त्याला काही माहीतच नव्हतं.

पांडूदादा वर जाऊन तो टहाळा घेऊन आला होता. दोरी अख्खी होती, कुठं तुटलेली नव्हती. तुटली असती तर दोष दोरीचा. अख्खी, म्हणजे गाठ सुटली. बंदरावरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. गाडीमागून चालताना तो दोरीचं टोक चाचपत होता, आणि मी दोन्ही सायकली ढकलत होतो.

दत्तूचे दिवस झाल्यावर तो माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"बाबल्या, तू मागं होतास," तो म्हणाला. "तू बघितलीस काय रे गाठ सुटताना? का काय दुसरं झालं? दगडात अडकला काय टहाळा? वढ बसली काय?"

त्यानं मला तीन दारं उघडून दिली होती. दगड म्हणालो असतो तरी चाललं असतं. खोटंच बोलायचं तर त्याला वाचवणारं खोटं समोर तयार होतं. पण मला भीती वाटली, की दगड म्हटलं तर हा घाटीत जाऊन दगड शोधील, दोरी पुन्हा बघील, वेढ्याची खूण ओळखील. म्हणून मी मान खाली घालून म्हणालो, "बघितली, दादा. हळूहळू सरकली. सैलच पडली असेल."

तो ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस."

दर्याची होडी ही शेवटी गाठींवर चालते. शीड, नांगर, जाळं, सगळं गाठींवर, आणि त्यावर माणसांचे जीव. त्याच्या बापानं पुळणीवरच्या वाळूत, चार माणसांदेखत त्याला सांगितलं, "पांडू, उद्यापास्नं दोराला हात लावू नको." मी तिथे होतो. दत्तूचा मित्र म्हणून त्या घरी मला मान होता. त्याची आई मला समोर बसवून जेवू घाली. मी जेवत असे. कालवण चांगलं असे, हेही खोटं का सांगू? पांडूदादा रत्नागिरीच्या बंदरावर हमाल झाला, आंब्याच्या पेट्या वाहू लागला. होडी चुलतभावाकडे गेली. बंदरावर भेटला की मी त्याला माझे पडण्याझडण्याचे किस्से सांगे. तो हसे. त्याला हसवलं, की माझ्याकडून काहीतरी फेडलं जातंय असं मला वाटे. असा हिशेब फक्त माझ्यासारख्या माणसालाच जमतो.

गेल्या साली तो आजारी पडला आणि त्यानं मला बोलावणं धाडलं. सकाळची वेळ होती, घरातली माणसं मागीलदारी होती, खोलीत आम्ही दोघंच. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? त्याच्यात बोलायचं त्राण फारसं नव्हतं. त्यानं माझा हात धरला.

"माझ्या हातानं गेला तो," तो म्हणाला. "तुझापण मित्र नेला मी. तू कधी एक शब्द बोलला नाहीस मला."

ओठांपर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं — की हेही मी आता रचतो आहे? ठाऊक नाही. मी म्हणालो ते एवढंच, "जाऊ दे, दादा. माझ्या मनात काही नाही."

त्याचे डोळे भरून आले. माझा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मी तो काढून घेतला नाही.