झाकणाखालची वीस मिनिटं

बोईसरच्या एका कारखान्यातल्या लहानशा प्रयोगशाळेत मला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. काम जमलं तर कायम. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पाचवा महिना सरत आला तरी माझा एकही सौरघट धड वीज देत नव्हता.

आमचे घट पॉलिमरचे. प्रकाश शोषणारं पॉलिमर आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारं दुसरं द्रव्य एकाच द्रावणात मिसळायचं आणि काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा. वाळताना दोन्ही द्रव्यं वेगळी होतात, पण अगदी बारीक, काही नॅनोमीटरच्या पट्ट्यांत. पट्ट्या जाड झाल्या तर प्रकाशातून मिळालेली ऊर्जा त्यांच्या सीमेवर पोचण्याआधीच विझते. दोन्ही एकमेकांत फारच मिसळून राहिली तर सुटलेल्या विजेला बाहेर पडायला सलग वाट मिळत नाही. म्हणून ओला थर झाकणाखाली वीस मिनिटं हळूहळू वाळू द्यायचा.

ती वीस मिनिटं मला सोसत नसत. मुरबे गावात आमच्या घरी बोंबील बांबूच्या वलांड्यांवर, आडव्या काठ्यांवर टांगून, वाळायचे. जरा ढग आले, कुणी वर ताडपत्री टाकली की आई ओरडायची, "काड ती! वारा लागू दे, नायतर किडं पडतील!" ओलं काही झाकलेलं दिसलं की माझा हात तिकडे जायचाच. मी झाकण मधेच जरा कलतं करायची. वहीत मात्र लिहायची, 'झाकून, वीस मिनिटं.' एवढ्याशा फटीने काय होणार, असं वाटायचं.

एकदा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोन काचा खिडकीशी धरल्या. "ही माझी, गडद जांभळी. ही तुझी, नारिंगी. द्रावण एकाच बाटलीतलं, पण तुझा थर घाईत वाळलाय. तू नेमकं करतेस काय गं?"

माझ्या काचेवर एक डाग होता; त्याला दोष देता आला असता.

"मॅडम, मी मधेच झाकण उचलते."

"का?"

"कुजेल असं वाटतं."

"कुजेल? मासळी आहे का ती?" त्या हसल्या. माझा चेहरा पाहून थांबल्या. "कितव्या मिनिटाला उचलतेस?"

"कधी सातव्या, कधी दहाव्या. नक्की आठवत नाही."

"मग तुझ्या वहीतल्या या अकरा नोंदी बाद. प्रत्येकीवर कारण लिही, खाली सही कर. अहवालात तसंच जाईल."

मी सह्या केल्या. अकराव्या सहीला अक्षर वाकडं आलं. मॅडमनी पानं तपासली आणि म्हणाल्या, "तीन महिने मुदत वाढवायला सांगते. कायमचं तेव्हा बघू."

मी मनापासून आभार मानले आणि नव्या काचा धुवायला घेतल्या.