गल्लीखालचं पाणी

पाण्यात बुडायची भीती साऱ्या जगाला असते. एक दिवस पाणीच बुडेल, या भीतीनं झोप उडालेला माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. लातुरात लोक पोरांना डॉक्टर करायला आणतात. हा चाकूरचा गडी मात्र इथले क्लास सोडून नांदेडला गेला आणि जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करू लागला. "पोरगं शिकून पाणाड्या झालं," असं सासऱ्यांनी कपाळाला हात लावून जाहीर केलं. तेव्हापासून तो गावात शिरला, की बोरची जागा दाखव म्हणून कुणी ना कुणी त्याच्या तळहातावर नारळ ठेवतंच. "नारळाला फक्त स्वतःच्या पोटातलं पाणी कळतं हो मामा," म्हणत तो नारळ परत करतो, आणि मामा हळहळतात, "अजून कच्चाय गडी."

लग्नाच्या पंगतीत अर्धे टाकलेले पेले दिसले, की त्याचा घास अडतो. आमच्याकडे आला, की चपला काढायच्या आधी पिशवीतून मोजपट्टी काढतो आणि समोरच्या रेहानाभाभींच्या आडात सोडतो. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या फळ्यावरच्या जलचक्रात वर गेलेलं पाणी बाणाबाणानं हमखास खाली येतं. ते बघून तो एकदा म्हणाला, "दाजी, तुमचा बाण जमिनीपाशी थांबतो. आमची परीक्षा तिथून पुढं सुरू होते."

गेल्या उन्हाळ्यात आमचा बोर गुळण्या टाकायला लागला. बायकोनं आणखी खोल बोर घ्यायचं ठरवलं, बोर पाडायची गाडीही सांगून टाकली. हे कळताच मेहुणा पहिल्या एसटीनं हजर. आम्हाला मोटर चालू करायला लावून स्वतः आडाच्या काठावर पालथा पडून राहिला. आमच्या टाकीत पाणी पडू लागलं, तसं भाभींच्या आडातलं उतरू लागलं.

"अक्का, वर तुम्ही भिंती घातल्या. खाली कुणी घातल्यात? खोल गेलात तर हा आड गेला समज."

"मग माझ्या पोरांनी काय प्यावं?" बायको कडाडली. "भाऊ हायेस का वैरी?"

भाभी दारातूनच म्हणाल्या, "घ्या की वैनी बोर. माझं काय, दोन घागरी मला बी द्या."

या बोलण्यापुढं बायकोला काही बोर घेता आला नाही. गाडी परत गेली. भावाशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. पाणी मात्र आम्ही भाभींच्याच आडाचं भरू लागलो.

यंदा मेहुणा उन्हाळ्याच्या आधीच आला. त्यानं पट्टी सोडली, आणखी सोडली, तळाला टेकेपर्यंत सोडत राहिला. भाभी ओढणी सावरत जवळ आल्या.

"बोल ना भैया. पाऊस येईपर्यंत पुरंल ना? दोन घरं हायेत आता."

कुणी नुसतं 'बरं आहे ना?' विचारलं तरी दशांशात उत्तर देणारा हा माणूस आडात बघतच म्हणाला,

"पुरंल, भाभी."

भाभींचा चेहरा सैल झाला. त्यांनी पोहरा खाली सोडला. फक्त टोकाशी ओली झालेली पट्टी गुंडाळत मेहुणा माझ्याजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "दाजी, टँकरवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?"