पारूबाईची अट

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. पारूबाईचं पुढे काय झालं असं कुणी विचारलं, की "घरी गेली" एवढंच सांगायचो. तसं ते खोटं नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेच्या अभ्यासासाठी रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांच्या मुलाखती घ्यायचो. पन्नाशीची पारूबाई लोणावळा स्टेशनबाहेर, चिक्कीच्या दुकानामागे बसायची. पहिल्या भेटीत मी चहा पुढे केला.

"आदी तू पी."

मी अर्धा प्यायलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "थांबू आजून. लगीच न्हाई मरत मानूस."

संमतीपत्र तिने तीनदा परत केलं. "न्हाई म्हनलं तर?"

"तर काही नाही, पारूबाई."

"काय न्हाई, तर रोज कशाला येतोस, मास्तर?"

चौथ्या वेळी तिने अंगठा दिला.

सहा महिन्यांनी तिला पुन्हा गाठायचं होतं. रस्त्यावरची माणसं जागा बदलतात, म्हणून मुलाखतीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : सापडली नाही तर कुणाला विचारायचं? तिने टाकवे गावातल्या भावाचं नाव सांगितलं आणि माझं मनगट धरलं. "मेले तर कळव. जित्तेपनी न्हाई. दाव्यानं बांदत्यात."

अट लिहायला रकान्यात जागा नव्हती. तिला सगळेच वैरी वाटायचे. हेही त्यातलंच, असं मी धरलं.

सहा महिन्यांनी ती जागेवर नव्हती. एकही माणूस गळता कामा नये, असा वरून तगादा. दोन दिवस शोधून मी भावाला फोन केला. तो जीप घेऊन आला तेव्हा ती स्टेशनच्या पलीकडच्या बाजूलाच दिसली. मीच बोट दाखवलं. ती ओरडली नाही. "चा तर तू आदी प्यायचास," एवढंच म्हणाली.

शेवटच्या मुलाखतीसाठी टाकव्याला गेलो. ती गोठ्याच्या कडेला बसली होती. पायाला दावं होतं.

"इचारा काय बी," भावजय म्हणाली. "आता लय गुमान ऱ्हाती."

मी विचारत गेलो. पारूबाई प्रत्येक प्रश्नाला "व्हय" म्हणाली. मला उलटा एकही प्रश्न केला नाही. राहण्याच्या रकान्यात मी लिहिलं, "कुटुंबासोबत". दाव्याबद्दल कुणालाच काही बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती वारली.

त्या मुलाखतीच्या दिवशी गोठ्याशी मला म्हणायचं होतं, "पारूबाई, तुमचं खरं होतं. चुकलो मी." तोंडही उघडलं होतं. भावजय बघत होती. मी फाईल मांडीवर घेतली आणि विचारलं, "झोप लागते का?"