बाबऱ्या भूत गोत्रीत कामाला लागतं

नाशिकहून बडोद्याची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक राजा बसला होता. पाटणचा सोळंकी राजा सिद्धराज जयसिंह. कापडी पिशवीत, टाइप केलेल्या पानांच्या रूपात. पिशवी वरच्या रॅकवर ठेवा, असं कंडक्टरने सुचवलं.

"वर ठेवली तर उतरताना विसरेन," मी म्हटलं.

"एवढं काय आहे ताई त्यात?"

"राजा आहे."

त्यानंतर त्याने मला थेट बडोदं येईपर्यंत काही विचारलं नाही.

मी एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात आहे. आठवडाभर सुटे भाग मोजून देते-घेते आणि रविवारी मुलांसाठी गोष्टी लिहिते. या सिद्धराजाच्या दंतकथा गुजरातेत घरोघर सांगतात आणि आपल्या मुलांना त्यातली एकही ठाऊक नाही, ही उणीव माझ्या लक्षात आली. उणीव दिसली की मला चैन पडत नाही. गोष्टी लिहून, टाइप करून मी त्या प्रकाशकांकडे नेल्या. त्यांनी त्या वाचल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मीनाताई, राजा भारदस्त झालाय. पोरांना तो सोसवेल का, ते कळत नाही. असं करा, माझी बहीण बडोद्याला गोत्रीत असते. तिच्या सोसायटीत मराठी पोरं पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे एक गोष्ट वाचून बघा. शेवटपर्यंत बसली तर पुस्तक काढू. उठून गेली तर आपला चहा-पाण्याचा संबंध आहेच."

निकाल बहीण कळवणार होती. तिच्याच घरी मला उतरायचं होतं आणि तिच्याच हातचं जेवायचं होतं. परीक्षकाच्या घरी पाहुणी म्हणून जाण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

सापुताऱ्याच्या घाटात ऊन कोवळं होतं. वळणावळणावर माकडं कठड्यावर बसून गाड्यांची तपासणी करत होती. घाट उतरल्यावर उसाची शेतं लागली, मग केळीच्या बागा, मग नुसते कारखाने आणि पूल. गुजरातेत सगळं गोड असतं, या समजुतीने मी ठेच्याची बाटली बरोबर घेतली होती. वाटेत डबा खाताना बसमध्येच तिचं झाकण उघडलं आणि शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. पुढचा प्रवास आम्ही दोघींनी वाऱ्यावर केला.

बडोद्याच्या डेपोवर प्रकाशकांचे मेव्हणे, अशोकराव, स्कूटर घेऊन उभे होते. "केम छो, ताई? प्रवास बरा झाला ने?" एका वाक्यात दोन भाषा त्यांनी इतक्या सहज घातल्या की मी उत्तर कुठल्या भाषेत द्यावं, या विचारात नुसती मान हलवली. मागे बसताना राजा माझ्या आणि अशोकरावांच्या मध्ये आला.

शहर मोठं देखणं. वडाची झाडं रस्त्यावर सावली धरून आहेत, गायकवाडी काळातले घुमट मध्येच डोकं वर काढतात आणि त्यांच्या पायाशी मोबाइलची दुकानं. विश्वामित्रीच्या पुलावर मी विचारलं, "इथे मगरी आहेत म्हणे. दिसतात का?"

"त्यांना आपण दिसतो," अशोकराव म्हणाले आणि त्यांनी स्कूटरचा वेग थोडा वाढवला.

घरी जाण्याआधी त्यांनी मला एका गाडीवर नेलं. "बडोद्यात आलात आणि सेव-उसळ नाही खाल्ली, तर नंदा मला घरात घेणार नाही." पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेवेचा डोंगर, कांद्याची पात, बाजूला पाव आणि एका भांड्यात लालभडक तरी. मी नाशिकची बाई. त्या तरीचा मी मोठा चमचा भरून घेतला. गाडीवाला म्हणाला, "बेन, धीमे." मी धीमे घेतलं नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. अशोकराव सांगतात की मी बराच वेळ फक्त "छान आहे" एवढंच म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठेच्याची बाटली मी त्या मुक्कामात पुन्हा बाहेर काढली नाही.

नंदाताई शाळेत शिकवतात. उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले, अंगात पांढरी सलवार-कमीज. दारातच म्हणाल्या, "मीनाताई, आधीच सांगते. दादाने मला फक्त बघायला सांगितलंय. मी तोंड उघडणार नाही. चांगलं नाही, वाईट नाही. काही नाही. पोहे घेणार?" त्यांनी शब्द पाळला. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी हवा, भाजी आणि रिक्षांचे दर याखेरीज कशावरही बोलल्या नाहीत. मला आमच्या ऑडिटरची आठवण झाली. तोही असाच चहा पितो.

बडोद्याच्या सोसायट्यांमध्ये मधोमध एक मोकळी जागा राखलेली असते. तिला 'कॉमन प्लॉट' म्हणतात. गरबा तिथे, लग्नाच्या पंगती तिथे, क्रिकेटही तिथे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलं तिथे जमली. बहुतेक सोसायटीतलीच, एक शहरातल्याच गोरव्याहून आत्याकडे आलेला, दोघी बहिणी पलीकडच्या हरणी भागातून आजीबरोबर आलेल्या. मी सतरंज्या सरळ रेषेत घातल्या, लहान पुढे आणि मोठी मागे बसवली, चपला एका बाजूला लावल्या आणि म्हटलं, "आता सगळ्यांनी तोंडावर बोट. गोष्ट संपेपर्यंत आवाज नको."

मुलांनी बोटं ठेवली. मी वाचायला लागले. "परमप्रतापी सिद्धराज महाराज पाटण नगरीत न्यायाने राज्य करीत असता, बाबऱ्या नावाच्या एका महाबलाढ्य भुताने..."

पहिल्या पानाला मुलं स्तब्ध होती. दुसऱ्या पानाला स्तब्ध होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिसऱ्या पानाला गोरव्याचा मुलगा पाणी प्यायला गेला. त्याला पाणी पाजायला दोघं गेले. मागच्या रांगेतला एक जण सतरंजीवरून इतक्या हळूहळू मागे सरकत होता की तो गवतावर पोचल्यावरच मला कळलं. नंदाताई बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. चेहरा कोरा. माझं पुस्तक गवताच्या दिशेने सरकत चाललं होतं आणि मी ते मोठ्याने वाचत होते.

प्लॉटला लागूनच्या बंगल्यात एक आजीबाई ओट्यावरच्या हिंचक्यावर (झोपाळ्यावर) शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अरे बेन! हुंकारो कोण आपे छे?"

नंदाताईंनी तोंड न उघडण्याचा नेम मोडला, पण तो फक्त भाषांतरापुरता. "या कोकिळाबेन. बँकेत मॅनेजर होत्या. म्हणतायत, हुंकारा कोण देतंय? इथे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यांतल्या एकाने प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं असतं. तो नसेल तर गोष्ट चालत नाही."

"मी तर सगळ्यांना गप्प बसवलंय," मी म्हटलं.

"ते दिसतंय," नंदाताई म्हणाल्या आणि पुन्हा गप्प झाल्या.

कोकिळाबेन शेंगांची टोपली घेऊन आल्याच. माझ्यासमोर खुर्ची ओढली. "चालो मीनाबेन. पहिल्यापासून. मराठी समजते मला. अर्धा जन्म मराठी लोकांचे चेक पास केलेत."

मी पुन्हा सुरुवात केली. "परमप्रतापी सिद्धराज महाराज..."

"हं."

"पाटण नगरीत..."

"हं. पछी?" (मग?)

असा 'पछी' समोरून आला की कागदात डोकं घालून बसता येत नाही. मान वर करावी लागते आणि वर केली की समोर डोळे दिसतात. माझी वाक्यं आपोआप आखूड झाली. 'महाबलाढ्य' गळून पडलं. गवतावरचा मुलगा सतरंजीवर परत आला. पाणी प्यायला गेलेले आले. हरणीच्या धाकटीनेही "हं" म्हणून बघितलं, तिला ते जमलं आणि मग सगळ्यांनीच सुरू केलं. भूत स्मशानातून उठलं, हं. राजा एकटाच गेला, हं. दोघं समोरासमोर आले, हं! मी विजयी आवाजात म्हटलं, "आणि महाराजांनी तलवारीच्या एकाच घावात त्या भुताचा गर्व उतरवला."

कोकिळाबेन गप्प.

मी थांबले. मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि म्हणाल्या, "आवी वार्ता नथी." (गोष्ट अशी नाही.) "हुंकारो नाही मिळणार."

"मावशी, तलवारीने नाही ने!" गोरव्याचा मुलगा उठून उभा राहिला. "भूत राजाचं नोकर होतं. पण काम संपलं की म्हणतं, काम दे नाहीतर तुला खातो! पछी खांब येतो. खांब कुठे गेला?"

खांब मीच काढला होता. दंतकथा मला पूर्ण माहीत होती. पण आपल्याकडे राजा घोड्यावरून उतरलेला चालत नाही. मराठी वाचकांपुढे न्यायचा राजा घाबरतो, घाम पुसतो, युक्ती करून सुटका करून घेतो, हे मला बरं वाटेना. म्हणून मी त्याच्या हातात तलवार दिली आणि खांब वगळला. आता तो खांब कॉमन प्लॉटवर सगळे मिळून मागत होते आणि बाकावरचा कोरा चेहरा बघत होता.

मी पानं पिशवीत ठेवली. "बरं. भूत राजाला म्हणालं, काम दे. तुम्ही राजा. काय द्याल?"

"होमवर्क!"

"झालं. पुढचं?"

"पप्पांची नाइट शिफ्ट!" हा गोरव्याचा.

"केली. ओव्हरटाइमसकट. पुढचं?"

"मगरींचे दात घासायचे!"

"सगळ्या मगरींचे घासले. गुळण्यासुद्धा करवल्या. लवकर सांगा, भूत जवळ येतंय."

"हं! हं!" कोकिळाबेन खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. "ड्रेनेजची लाइन! आमच्या गलीतली!"

"तीही झाली."

"तो तो खरेखर भूत छे," (मग तर खरंच भूत आहे) त्या म्हणाल्या.

मला मोठी मजा यायला लागली. माणसं, यंत्रं सगळी तयार उभी आहेत आणि द्यायला काम नाही, अशी सकाळ आमच्या खात्यातही येते. तेव्हा साहेबाच्या कपाळावर जो घाम येतो, तो मी पाहिला आहे. तोच मी राजाला दिला. राजा उपरण्याने तोंड पुसतो, प्रधानाकडे बघतो. प्रधान आभाळाकडे बघतो. मुलं ओरडत होती, "खांब! खांब सांगा ने त्याला!" आणि राजाने शेवटी सांगितलं: एक उंच खांब रोव. रोवला? आता वर चढ. चढलास? खाली उतर. मी दुसरं काम सांगेपर्यंत हेच कर.

तेवढ्यात हरणीची धाकटी बॅडमिंटनच्या जाळीच्या खांबावर चढलीसुद्धा. "मी भूत!" मग सगळ्यांनाच भूत व्हायचं होतं. धक्काबुक्की, रडारड, कोणाची तरी चप्पल आभाळात. गॅलऱ्यांतून आया जेवायला हाका मारत होत्या आणि उत्तर एकच येत होतं, "आमचं काम संपलं नाही!" तो खांब जरा वाकला तेव्हा मला अशोकरावांबरोबर तो धरून उभं राहावं लागलं. त्या गडबडीत बाकाकडे लक्ष द्यायला मला सवड झाली नाही.

रात्री जेवताना नंदाताई भाकरीबद्दल बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस होती. चहा घेताना त्यांनी भावाला फोन लावला आणि माझ्यासमोरच स्पीकर सुरू केला.

"दादा, शेवटपर्यंत एकही मूल बसलं नाही."

माझा कप बशीत आवाज करून बसला. पलीकडून प्रकाशक म्हणाले, "अरेरे. चांगली बाई आहे हो."

"अरेरे काय? बसायला जागा कुठे होती? सगळी खांबाला रांग लावून उभी. मी लावत होते रांग! तासभर स्वतःलाच गप्प बस, गप्प बस म्हणता म्हणता माझा जीव गेला. तलवारीचं पान तेवढं फाडायला सांग यांना, नाहीतर कोकिळाबेन तुला फोन करतील. त्यांनी नंबर घेतलाय."

मग प्रकाशक म्हणाले, "मीनाताई ऐकताहेत का? पान फाडा. काढू पुस्तक."

परतीच्या बसमध्ये मी पिशवी वरच्या रॅकवर ठेवली आणि खिडकीशी मोकळी बसले. आपला राजा मुलांच्या मनात मोठा व्हावा, म्हणून मी त्याच्या अंगावर इतकं चिलखत चढवलं होतं की आतला माणूस कोणाला दिसेना. त्याला काम सुचेनासं झालं, घाम फुटला, तेव्हा मुलं त्याच्या बाजूने ओरडायला लागली. तलवार उगारली तेव्हा त्याला कोणाचीच मदत लागत नव्हती. अशा राजाकडे मुलांनी बघावं तरी कशाला?

घरी पोचल्यावर सगळी पानं पुन्हा लिहायला घेतली. त्याच आठवड्यात नंदाताईंनी एक फोटो पाठवला. सोसायटीच्या कमिटीने कॉमन प्लॉटवर गुजरातीत पाटी लावली आहे: खांबावर चढण्यास सक्त मनाई. पाटी लावली आहे त्या खांबाच्या बुडाशी. वरच्या टोकाला फोटोत फक्त दोन पाय दिसतात, पांढऱ्या सलवारीतले आणि चांगले मोठ्या माणसाचे. कोणाचे, हे मी विचारलं नाही. नंदाताईंनीही त्याबद्दल तोंड उघडलेलं नाही.