त्यानं काय खाल्लं होतं?

माणसाला धीर द्यायचा म्हणजे गोड खोटं बोलायचं, असं आमच्या अख्ख्या चाळीचं मत होतं. माझंही होतं. पुढे नोकरीची सगळी वर्षं मी इस्पितळात घाबरलेल्या, खचलेल्या माणसांशी बोलण्यात घालवली. त्या कामाचा पहिला धडा मला बाराव्या वर्षी आमच्याच घरात मिळाला, तोही आईच्या शेगडीपाशी.

करी रोडला आमची एक खोली होती आणि त्या खोलीत आई खानावळ चालवायची. जेवणारे नऊ जण, सगळे आमच्याच गावचे, गिरणीत कामाला. बायकामुलं कोकणात आणि हे गावकीच्या गाळ्यात, म्हणजे गावानं मिळून घेतलेल्या खोलीत, दाटीवाटीनं राहायचे. आपापल्या पाळीप्रमाणे येऊन जेवून जायचे. आईला सगळे ‘वयनी’ म्हणत आणि वचकूनही असत. आमटीत मीठ कमी आहे, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिच्या हाताखाली राबताना मला तिचा राग यायचा, हेही सांगून टाकते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव तेव्हा पेटलं होतं. एका सकाळी नऊही जण मोर्च्याला निघाले. नेमके त्या दिवशी कोळसे दमट निघाले. शेगडी धूर ओकत होती आणि भात काही शिजेना. आई म्हणाली, थांबा जरा. थांबतंय कोण! नवांतला सगळ्यात धाकटा, लग्नाला वर्षही न झालेला, दारातून म्हणाला, “वयनी, माझो भात ठेव, येवन जेवतंय.”

मोर्च्यावर गोळीबार झाला. तो परत आला नाही.

आई तेव्हा रडली, पण कोसळली नाही. त्याचे दिवस झाले, आलेल्यागेलेल्यांचं तिनंच रांधलं. महिन्याभरानं एका दुपारी भाताला उकळी आली आणि तिची छाती धडधडायला लागली. हात बधिर, अंगाला घाम, श्वास पुरेना. “मी मरतंय,” म्हणत ती गॅलरीत धावली. घटकाभरानं सगळं ओसरलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत भाताच्याच वेळी. आठवड्यात तिनं शेगडीपाशी जाणं सोडलं, मग खोलीच्या त्या कोपऱ्याकडे बघणंही सोडलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि टॉनिक दिलं. शेजारणींनी दृष्ट काढली. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायला पत्र गेलं. उपाशी गेलेला माणूस दारात घुटमळतो, असं आत्या, म्हणजे बाबांची बहीण, कुजबुजली. कुजबुज म्हणजे चाळीतली, तेव्हा ती आईच्या कानापर्यंत पोचली हे सांगायला नकोच.

मग चाळीचा चांगुलपणा सुरू झाला. मेलेल्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. त्याचं ताट माळ्यावर गेलं. शेजारणी आमचा स्वयंपाक करून जाऊ लागल्या. वयनीला त्रास नको म्हणून उरलेले आठ जण गुपचूप दुसरीकडे जेवू लागले. आईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला: माझ्या हातचं खायला आता माणसं भितात.

ती एकच प्रश्न विचारायची, त्यानं काही खाल्लं होतं का? एक म्हणाला, हो तर, लालबागला भजी खाल्ली. दुसरा म्हणाला, इराण्याकडे चहा आणि ब्रूनपाव. तिसऱ्यानं केळी खाऊ घातली. बाबांनी गाळ्यातली शिळी भाकरी घातली. इतकं सगळं खाल्लेला माणूस मोर्च्याला गेलाच नसता, तिथंच आडवा झाला असता! पण हसणार कोण? आई प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि आणखी गप्प व्हायची.

शेवटी आत्यानं निकाल दिला, “हिका गावाक धाडूया.” आई गावाला जाणार, मी आणि धाकटा भाऊ आत्याकडे राहणार. बोटीचा दिवससुद्धा ठरला, पुढचा सोमवार. बरी झाली की येईल परत, असं मला सांगितलं गेलं. ते सांगणाऱ्यांत भजीवाले आणि केळीवालेच होते, त्यामुळे ती परत येणार नाही हे मी ओळखलं. रात्रभर मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचे.

आमची सुटका केली ती पलीकडच्या चाळीतल्या एका मावशीनं. ती परळच्या मोठ्या इस्पितळात आया होती. तिच्या घरी पुढे वर्षभरात बुद्धाची तसबीर लागली. त्या काळी आमच्या जिन्यावर तिला कोणी बोलवत नसे, हे लिहिताना आजही मान खाली जाते. नळावर तिनं माझं रडणं पाहिलं आणि कोणी न बोलावता ती सरळ आमच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांना म्हणाली, “गावाला काय धाडता? आमच्याकडे रोज येतात की अशी माणसं. रडत येतात, बरी होऊन जातात. उद्या मी नेते.” तिचे उपकार मी कधी फेडू शकले नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बुटक्या, जाड चष्म्याच्या होत्या. प्रश्न आईला विचारला की उत्तर बरोबर आलेली आत्या देई. दोनदा झालं, तिसऱ्यांदा बाईंनी आत्याला बाहेर बसवलं. मी कोपऱ्यात होते म्हणून राहिले. आईनं तासभर सगळं सांगितलं. त्या दिवसानंतर तिला कोणी पहिल्यांदाच बोलू दिलं होतं.

बाई म्हणाल्या, “तुम्हाला वेड लागलेलं नाही आणि तुमचं हृदयही बंद पडणार नाही. शरीर घाबरलंय. दारातलं कुत्रं घरच्याच माणसावर भुंकायला लागलं तर त्याला मारतो का आपण? पुन्हा ओळख करून देतो. तुम्ही पळालात की त्याला वाटतं, भुंकलो ते बरोबरच होतं.” मग श्वास शिकवला: घेताना तीन आकडे, सोडताना सहा. भात शिजत असताना पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसायचं. धडधड ओसरेपर्यंत उठायचं नाही. जमलं की पुढच्या दिवशी वीतभर पुढे सरकायचं. या सगळ्याला नावं आहेत हे मी पुढे पुस्तकांतून शिकले, पण बाईंइतकं सोपं कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू हिच्याशेजारी बस. काही होत नाही, असं म्हणू नकोस. तिला होतंय. खोटं बोलून माणूस शांत होत नाही, एकटा पडतो.”

सोमवारची बोट आईविना गेली. बाबांनी आत्याचं न ऐकण्याची ती पहिलीच वेळ असावी. आई उंबऱ्यावर बसली, मी शेजारी. तिचा हात बर्फासारखा गार. तीन आकडे, सहा आकडे. एकदा उठून पळाली, दुसऱ्या दिवशी परत बसली. पंधरवड्यानं ती शेगडीपर्यंत पोचली, पण तांदूळ काही हातात घेईना. बसल्या बसल्या तोच प्रश्न, त्यानं काही खाल्लं होतं का?

मग मी आगाऊपणा केला. शाळा सुटल्यावर गाळ्यात गेले आणि नवांतल्या सगळ्यात वडील माणसाला, ज्याला आम्ही आबा म्हणायचो, सांगितलं, “आईला खरं सांगा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.” तसं त्यांनी मला सांगितलं होतं, आबांना नाही, पण एवढं चालतं.

रविवारी आबा आले. मागून बाकीचे सातही आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आबा आईसमोर खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वयनी, भजी नाय, पाव नाय, आमी खोटा बोललंव. त्येना काय एक खाऊक नाय. तो उपाशीच गेलो.”

मला वाटलं, केलं मी आईचं वाटोळं.

“आमीय उपाशीच गेललंव,” आबा म्हणाले. “तू थांबा म्हटलंस. आमी थांबूक नाय. मी वडील, मी तरी त्येका थांबवूक होया होता.”

आई मोठ्यानं रडली. आबाही रडले, आणि भिंतीपाशी उभे असलेले ते दांडगे सातजणसुद्धा. इतके दिवस प्रत्येक जण तो उपाशी माणूस एकेकट्यानं वाहत होता, हे मला त्या वेळी दिसलं. तेच मी जन्मभर लोकांना सांगत आले.

आईनं डोळे पुसले. तांदळाचा डबा ओढला आणि आठ जणांचे तांदूळ मोजून घेतले. ते धुवायला मी पुढे झाले, तर तिनं मला धुवू दिले नाहीत. उकळी आली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि ओठ हलवत आकडे मोजले. मग हात सोडून ती त्या आठ जणांकडे वळली.

“आता आयका,” ती म्हणाली, तिच्या जुन्या आवाजात. “ह्या घरातसून कोण उपाशी जावचो नाय. मोर्चो असो नायतर मिलचो भोंगो. भात होयसर थांबाचा.”

आठही जण खाली बसले.